समजा, एक्स...

इंजिनिअरिंगला आल्यापासून एक्सशी माझं फारसं पटलेलं नाही. एम-वनमध्ये तो एकटा भेटला, एम-टूमध्ये वायला सोबत घेऊन आला, एम-थ्रीमध्ये तर लाप्लासच्या वेशात आला आणि दर वेळी मला चाळीस मार्कांच्या काठावर सोडून गेला. त्यामुळे जपानमध्ये 'एक्स' नावाचा एक रॉक बँड आहे हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'तिथेही?' एवढंच मनात आलं.

आणि मंडळी, नावाची गोष्टही आपल्या गणितासारखीच आहे! १९८२ साली चिबा प्रांतातल्या तातेयामा या समुद्रकाठच्या गावात दोन शाळकरी मित्रांनी बँड काढला. नाव काही सुचेना. मग सुचेपर्यंत 'समजा, एक्स' असं धरलं, आणि उत्तर कधी आलंच नाही, एक्स तसाच राहिला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेकडे मोर्चा वळवायचं ठरलं तेव्हा कळलं, की लॉस एंजेलिसमध्ये याच नावाचा बँड आधीपासून आहे. मग हे झाले 'एक्स जपान'. आपल्याकडे एका वर्गात दोन पाटील निघाले की एकाला 'कऱ्हाडचा पाटील' म्हणतात ना, तसं.

ते दोन मित्र म्हणजे योशिकी आणि तोशी. बालवाडीपासूनची जोडी. योशिकी ड्रम आणि पियानो वाजवतो, बहुतेक गाणी त्याचीच. तोशी गातो. गिटारवर हिदे आणि पाता, बासवर ताइजी, आणि १९९२ मध्ये ताइजी बाहेर पडल्यावर हीथ. या लोकांचे सुरुवातीचे फोटो बघाल तर हसू आवरणार नाही. डोक्यावर फूटभर उभे केस, चेहऱ्यावर रंगरंगोटी, अंगावर चामडं आणि झालरी. आमच्या विंगमध्ये पहिल्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा एकाने शांतपणे विचारलं, "दशावतारी नाटक आहे का?" जपानमध्ये या नटण्याच्या पद्धतीला पुढे 'व्हिज्युअल केई' असं नाव मिळालं आणि कितीतरी बँड त्याच वाटेने गेले. वाट पाडणाऱ्यांत हे पुढे होते.

आता मी यांच्या नादी कसा लागलो ते सांगतो. सेकंड इयरला, म्हणजे २०२३ च्या जुलैत, प्लेसमेंटला उपयोगी पडेल म्हणून शनिवार-रविवार जपानीचा क्लास लावला. पुण्यात यात नवल काहीच नाही, इथे जपानी शिकणारं पोरगं गल्लोगल्ली सापडतं. चार-पाच रविवार झाले असतील आणि ऑगस्टमध्ये अण्णा गेले. माझे वडील. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. सकाळी डबा घेऊन गेले, दुपारी छातीत दुखलं, संध्याकाळी मला फोन आला. बास, एवढंच. सांगण्यासारखं त्यात आणखी काही नाही.

महिन्याभराने परत आलो. क्लासमध्ये त्या रविवारी रंगांची नावं चालली होती. लाल म्हणजे 'आका'. पण सेन्सेई म्हणाल्या, की आणखी एक लाल आहे, जुना, कवितेतला. त्याला म्हणतात 'कुरेनाई'. बेनिबाना नावाच्या फुलापासून हा रंग काढत. बेनिबाना म्हणजे काय, म्हणून आम्ही मोबाईलवर शोधलं तर निघाली आपली करडई! शेजारच्या सोलापूरकराचा चेहरा उजळला, घराजवळचं कोणी भेटल्यासारखा. मागे एक वयस्क बाई बसायच्या, मुलगा जपानला असतो म्हणून शिकणाऱ्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला कुसुंबी रंग की हो." सेन्सेईंनी फळा पुसता पुसता सांगितलं, की या नावाचं एक गाणं आहे, जपानमध्ये सगळ्यांना ठाऊक असतं, मात्र ऐकताना आवाज कमी ठेवा.

मी आवाज कमी ठेवला नाही.

'कुरेनाई'ची सुरुवात अगदी सौम्य आहे. विशेषतः कार्यक्रमातलं रूप ऐका. गिटारच्या एकेका तारेवर सुटे सूर पडत राहतात आणि तोशी त्यावर हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात गातो. वाटतं, चला, संथ गाणं आहे, पडून ऐकावं. तेवढ्यात तो गाण्याचं नाव एकदाच आरोळी ठोकून घेतो आणि ड्रम सुटतात. सुटतात म्हणजे अक्षरशः सुटतात, उतारावर ब्रेक फेल झालेल्या ट्रकसारखे. योशिकी दोन्ही पायांनी दोन ड्रम हाणतो आणि वर हातांचं वेगळंच चालू असतं. पण गंमत अशी, की त्या वेगावर जी चाल चालते ती मघाची दुःखीच असते. सूर रडके, ठेका पळता! हे गाणं १९८८ च्या 'व्हॅनिशिंग व्हिजन'मध्ये आधी सगळं इंग्रजीत आलं होतं. योशिकीच्या स्वतःच्या कंपनीने काढलेला अल्बम होता तो. मग १९८९ च्या 'ब्लू ब्लड'मध्ये ते जपानी शब्दांत आलं आणि गाजलं ते हेच रूप.

ते ऐकताना मला आठवली अण्णांच्या बाराव्याची रात्र.

आमच्या गावी भजन ठेवलं होतं. रीतीप्रमाणे रूपाच्या अभंगाने सुरुवात, टाळ संथ, सगळे खाली मान घालून. मी भिंतीला टेकून बसलो होतो. दहा दिवस येणारा-जाणारा प्रत्येक जण मला एकच गोष्ट सांगत होता, आता तू मोठा, आता धीराने घे. मीही घेत होतो. "पोरगं धीराचं आहे हो," असं माझ्यासमोरच एकमेकांना सांगायचे. पखवाजावर तात्या होते, अण्णांचे शाळेपासूनचे मित्र. गजर आला तशी लय चढली. एरवी जिथे थांबतात तिथे तात्या थांबेनात. टाळवाले मागे पडायला लागले, पेटीवाल्याने नुसता एक सूर धरून ठेवला, आणि तात्या खाली न बघता, कुणाकडेच न बघता पखवाज हाणत राहिले. डाव्या पुडीची कणीक सुटून उडाली आणि सतरंजीवर पडली. तेव्हा थांबले. कोणी काही बोललं नाही. मला त्या रात्री कळलं नव्हतं की ते काय होतं. एवढंच वाटलं होतं, की दहा दिवसांत माझ्या मनासारखं झालेली ही पहिली गोष्ट.

आपल्याकडे करुण म्हटलं की विलंबित लय, हे ठरलेलं आहे. सिनेमात माणूस मेला की सारंगी, रेडिओवर मोठा नेता गेला की सतार. दुःख म्हणजे संथ. पण ज्याच्यावर येतं त्याला विचारा. आतून सगळं धावत असतं हो! छाती, डोकं, रात्रभर छताकडे बघत चालणारे विचार. बाहेरून माणूस खांबासारखा बसलेला आणि आत दोन्ही पायांनी ड्रम. 'कुरेनाई' ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की हा वेग कोणालातरी माहीत आहे.

माहीत असणारच. योशिकीच्या घरी किमोनोचं दुकान होतं, वडील पियानो वाजवायचे, आणि मुलालाही लहानपणापासून शास्त्रीय पियानो शिकवत होते. योशिकी दहा वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली. त्यानंतर 'किस' या अमेरिकी बँडची गाणी त्याच्या कानावर पडली आणि पियानोवाला मुलगा ड्रमकडे वळला. पियानो सोडला मात्र नाही. एक्सची गाणी ऐकणारे सहसा त्यांचे दोन ढीग करतात. एक धडाडधूम गाणी आणि एक रडकी गाणी. मला ही वाटणी मान्य नाही. ज्या गाण्यांत हे दोन्ही एकाच वेळी चालतं, पियानो आणि ड्रम एकाच माणसाचे असल्यासारखे वाटतात, ती यांची खरी गाणी. बाकीची चांगली आहेत, पण तशी दुसरेही करतात.

उदाहरणार्थ 'सायलेंट जेलसी'. १९९१ च्या 'जेलसी' अल्बममधलं. नुसत्या पियानोने सुरू होतं, वाटतं एखाद्या हॉलमध्ये शांत मैफल आहे, आणि मग तुफान. मध्ये पुन्हा एक ठहराव येतो आणि पुन्हा तुफान. यात ताइजीची बास गिटार मुद्दाम कान देऊन ऐका. बास म्हणजे मागे उभं राहून हुं-हुं करणारं वाद्य असा आपला समज असतो, पण हा गडी पुढे येऊन बोलतो. तो गेल्यावर बँडचा एक कोपरा रिकामा झाला असं माझं मत आहे. हीथ चांगला, पण ताइजी तो ताइजी.

'एंडलेस रेन'बद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना आवडतंच. संथ आहे, गोड आहे, आणि कार्यक्रमात हजारो लोक त्याचं धृपद म्हणत राहतात, बँड थांबला तरी थांबत नाहीत. 'टियर्स' दहा मिनिटांहून लांब आहे आणि मला विचाराल तर सात मिनिटांत आटपलं असतं. 'क्रुसिफाय माय लव्ह' मात्र चार-साडेचार मिनिटांचं, ड्रम नाहीत, गिटारचा धुरळा नाही, आणि तोशीने इतकं आवरून क्वचितच गायलं असेल. ही दोन्ही १९९६ च्या 'डालिया' अल्बममध्ये आहेत. त्यातली बरीच गाणी आधीच सुटी सुटी येऊन गेली होती, त्यामुळे तो अल्बम मला नेहमी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या संचासारखा वाटतो. उपयोगी आहे, पण नवीन काय?

त्यातलंच 'फॉरेव्हर लव्ह'. याची एक मजा आहे. २००१ ते २००६ जपानचे पंतप्रधान असलेले कोइझुमी या बँडचे चाहते, आणि त्यांच्या पक्षाच्या जाहिरातीत हे गाणं वापरलं होतं. आपल्याकडे निवडणुकीला कोणती गाणी वाजतात ते आठवा आणि स्वतःच तुलना करा. 'ब्लू ब्लड'मध्ये आणखी एक वेगवान गाणं आहे, पण त्याचं नाव मी इथे दिलं तर संपादक मंडळ माझा पूर्ण लेखच बाद करील. जिज्ञासूंनी शोधावं.

आता 'आर्ट ऑफ लाइफ'. ऑगस्ट १९९३ मध्ये एक अल्बम आला. त्यात गाणं एकच, एकोणतीस मिनिटांचं! सगळे शब्द इंग्रजी, सोबत लंडनचा रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि विषय योशिकीचं स्वतःचं आयुष्य. असला प्रकार जपानच्या विक्रीच्या यादीत पहिला आला, हे मला अजूनही खरं वाटत नाही. निम्मं गाणं झालं की सगळं थांबतं आणि नुसता पियानो उरतो. आठ-नऊ मिनिटं. सुरुवातीला एक साधी फिरफिरून येणारी चाल. मग तिच्यावर दुसरा पियानो चढतो, आणि तो हळूहळू बिघडत जातो. सूर चुकल्यासारखे, मग मुद्दाम चुकवल्यासारखे, मग नुसत्या मुठी आपटल्यासारखे. खाली मात्र पहिली चाल चालूच. मित्र म्हणतात हा भाग पुढे ढकलून ऐक. मी म्हणतो हाच भाग ऐक. एकदा कऱ्हाडहून येताना एस.टी.त हे लावलं होतं आणि खंबाटकीच्या बोगद्यात नेमका हा पियानो आला. बाहेर काळोख, दिव्यांचे पिवळे पट्टे, कानात ते सगळं. बोगदा संपला तरी पियानो संपला नव्हता.

तरीही, सर्वोत्तम कोणतं असं विचारलं तर मी 'आर्ट ऑफ लाइफ' म्हणणार नाही. ते मोठं आहे, थोर आहे, पण रोज ऐकायचं नाही. रोजचं 'कुरेनाई'. सात मिनिटांच्या आत तेच काम करतं.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर बातमी आली, की २९ ऑक्टोबरला हीथ कर्करोगाने गेला. वय ५५. अण्णाही साधारण तेवढेच. घरी दिवाळी अर्थातच नव्हती. नुसती एक पणती दाराशी. रात्री मी ओट्याजवळ बसून कानात घालून ऐकत होतो. आई पोळ्या लाटत होती. तिने विचारलं, "सारखं काय ऐकतोस रे?" मी एक बोंडूक तिच्या कानात घातलं आणि 'कुरेनाई' पहिल्यापासून लावलं. वाटलं, आरोळी आली की काढून टाकेल. काढलं नाही. लाटणं थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हा कुणावर एवढा चिडलाय?"

मी तिला सगळं सांगितलं. हे वाजवणारा दहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, कसे गेले, घरी पियानो होता, वगैरे. अण्णांचं तसं नव्हतं. अण्णांच्या हातात काहीच नव्हतं. तरी ती थोडा वेळ तव्याकडे बघत राहिली. पोळी करपली. मग म्हणाली, "मीपण चिडलेय त्यांच्यावर. डॉक्टरकडे चला म्हटलं होतं मार्चमध्ये." आणि थोड्या वेळाने, "लाव परत."

त्या रात्री आम्ही ते चार वेळा ऐकलं. ऑगस्टपासून आम्ही दोघं एकमेकांना धीर देत होतो, अण्णांविषयी बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो. ती तोशीला 'तो ओरडणारा' म्हणते आणि योशिकीला 'तो बारका'. त्या बारक्याच्या मानेचं पुढे काय झालं तेही तिला सांगितलं. इतकी वर्षं डोकं झटकत ड्रम वाजवून मानेचे मणके झिजले, मे २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. यावर तिचा अभिप्राय, "मग नुसता पियानो वाजवायचा की." तर्क बिनतोड आहे, पण मग 'कुरेनाई' कुठून येणार?

बँडची पुढची कथा सरळ नाही. तोशीने १९९७ मध्ये बँड सोडायचं ठरवलं, सप्टेंबरात तशी घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर १९९७ ला टोकियो डोममध्ये शेवटचा कार्यक्रम. बालवाडीपासूनचे मित्र तिथे मंचावर एकमेकांना मिठी मारतात. चित्रीकरण बघायला मिळतं. पण मी ते एकदाच बघितलं. नंतर तोशी कित्येक वर्षं एका पंथात अडकून पडला होता, हे त्याने स्वतःच पुढे पुस्तक लिहून सांगितलं. शेवटच्या कार्यक्रमाला जेमतेम चार महिने झाले आणि २ मे १९९८ ला हिदे गेला. आत्महत्या की अपघात, यावर आजही दोन मतं आहेत. टोकियोतल्या त्सुकिजी होंगान-जी मंदिरात त्याच्या अंत्यविधीला सुमारे ५०,००० लोक जमले होते. ताइजी २०११ मध्ये गेला. म्हणजे ज्यांची वाजवलेली गाणी मी हॉस्टेलवर ऐकतो, त्यातले तिघे आता नाहीत.

२००७ मध्ये बाकीचे पुन्हा एकत्र आले. 'आय.व्ही.' नावाचं गाणं केलं, ते 'सॉ' मालिकेतल्या चौथ्या सिनेमासाठी. ठीकठाक आहे, मी कोणाला शिफारस करणार नाही. पण त्यानंतर २८ मार्च २००८ ला टोकियो डोममध्ये जे झालं ते बघा. 'आर्ट ऑफ लाइफ' चालू आहे आणि मंचावर हिदे उभा आहे. त्याच्या जुन्या चित्रीकरणावरून बनवलेली प्रकाशाची प्रतिमा, हातात गिटार. शेजारी खरा पाता वाजवतोय, मागे खरा योशिकी. प्रतिमेचे केस अजून तसेच, वय तेच, आणि बाकीच्यांवर दहा वर्षं चढलेली. तंत्राच्या दृष्टीने आज ते साधं वाटेल, आमच्या शाखेतली पोरं मिनी प्रोजेक्टमध्ये याहून बरं करून दाखवतील. पण हिदेची प्रतिमा वाजवत असताना योशिकीने लय जराही कमी केली नाही, गाणं संपल्यावर कोसळला.

असो. लांबत चाललंय. कोणाला ऐकायचं असेल तर आमच्या खोलीत एक बऱ्यापैकी स्पीकर आहे. सुरुवात 'कुरेनाई'ने करू, मग 'सायलेंट जेलसी', आणि हलकं वाटावं म्हणून 'एक्स' हे गाणं, ज्यात सगळं स्टेडियम हात डोक्यावर फुलीसारखे धरून एकदम उड्या मारतं. (खालच्या मजल्यावर फर्स्ट इयरची मुलं राहतात, तेव्हा उड्या बेताने.) 'आर्ट ऑफ लाइफ' हवं असेल त्यांनी मात्र साडेनऊच्या आत यावं. दहाला रेक्टर सर राउंडला येतात आणि गाणं मध्ये तोडलेलं मला चालत नाही.